आबांच्या रेडिओच्या वह्या आणि एक न पाठवलेलं पत्र: काय करावं?

ऋतुजा

नमस्कार. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मागच्या वर्षी गेले. आम्ही नातवंडं त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या मागे राहिलेल्या वह्या आणि कार्डांचं काय करायचं यावर घरात दोन मतं आहेत, आणि एका पत्राबद्दल तर माझं मलाच ठरवता येत नाहीये. आबा नेमकं काय करायचे ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आबा शॉर्टवेव्ह, म्हणजे लघुलहरींवरून फार दूरवर पोचणारा रेडिओ ऐकायचे. बातम्या लावून ठेवून एकीकडे कामं उरकायची, तसं ऐकणं नव्हे. दूरदूरची स्टेशनं शोधायची, कानावर पडलं ते वहीत उतरवायचं आणि मग त्या स्टेशनला पत्र लिहायचं: अमुक तारखेला, अमुक वेळी, इतक्या किलोहर्ट्झवर तुमचं प्रसारण मला असं असं ऐकू आलं. पत्रातला तपशील स्टेशनच्या नोंदींशी जुळला की तिकडून पोच म्हणून छापील कार्ड यायचं. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. उत्तराच्या टपालखर्चासाठी पत्रासोबत इंटरनॅशनल रिप्लाय कूपन पाठवायचं. ते तिकडच्या पोस्टात दिलं की तिकिटं मिळायची. ही सोय १९०६ साली रोमला झालेल्या जागतिक टपाल परिषदेत ठरली, हे मी आबांकडून इतक्या लहानपणी ऐकलंय की तेव्हा रोम हे गाव आहे की माणूस हेही मला ठाऊक नव्हतं.

वह्या हिशेबाच्या, लांबट. रकाने त्यांनी पट्टीने आखलेले: तारीख, वेळ (कायम यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत), किलोहर्ट्झ, स्टेशन, भाषा, सिन्पो, तपशील, आणि शेवटचा 'पाठवले'. सिन्पो म्हणजे पाच आकडे. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाचे चढउतार आणि एकूण ऐकण्याजोगं किती, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते पाच गुण. पाच म्हणजे उत्तम. आबांचा स्वतःचा एक नियम होता. शेवटचा आकडा आधीच्या चारांतल्या सर्वांत लहान आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. सिग्नल कितीही दणदणीत असो, शेजारचं स्टेशन त्यावर चढत असेल तर ते ऐकण्याजोगं नाही. आवडतं स्टेशन आहे म्हणून त्याला एक गुण जास्त द्यायला त्यांचा हात कधी धजला नाही.

सुट्टीत मी त्यांच्याकडे असले की त्यांच्याबरोबर बसायचे. त्यांची पद्धत अशी: दोघांनी ऐकायचं, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, आणि कार्यक्रम संपल्यावरच कागद शेजारी ठेवायचे. जुळलं नाही तर कोण बरोबर यावर वाद नाही. वहीत दोन्ही उतरायचं. आजही त्या पानांवर 'ऋ: ३, मी: ४' अशा नोंदी आहेत. मी तिसरी-चौथीत असेन. मोठ्या माणसाच्या आकड्याशेजारी माझा आकडा, खोडाखोड न करता, त्याच शाईत. माझ्या ऐकण्याला एवढी किंमत त्याआधी कुणी दिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार थोड्यांनी दिली.

दिवसा लहान मीटरचे बँड (बँड म्हणजे लहरींच्या लांबीवरून, मीटरमध्ये, ओळखले जाणारे पट्टे), रात्री मोठे, हे मी त्यांच्याकडे शिकले. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा थर ४९ आणि ४१ मीटरचे सिग्नल शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तीच स्टेशनं हजारो किलोमीटरवरून येऊ लागतात. रेडिओ ऑस्ट्रेलियावर कूकाबुरा पक्ष्याचं हसणं लागायचं. ते मला नकाशावर ऑस्ट्रेलिया सापडायच्या आधी ओळखता यायचं.

वह्यांमधल्या काही नोंदी मला पाठ आहेत. १३ मार्च १९८९ ला आबांनी लिहिलंय: 'रोजची स्टेशनं नाहीत. दुसरा सेट लावून पाहिला. सेट ठीक. आकाश बिघडलं आहे.' सूर्यावरच्या स्फोटामुळे त्या दिवशी मोठं भूचुंबकीय वादळ झालं होतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज काही तास गेली होती. आबांना हे नंतर बातम्यांतून कळलं. नोंद त्याआधीची आहे, आणि बातमी कळल्यावर त्यांनी तिच्यात एक अक्षरही वाढवलं नाही. पुढच्या ओळीत, पुढच्या तारखेला, वेगळं लिहिलं.

२ ऑक्टोबर १९९० ची नोंद रेडिओ बर्लिन इंटरनॅशनलची आहे, म्हणजे पूर्व जर्मनीचं परदेशांसाठीचं स्टेशन. दुसऱ्या दिवशी दोन्ही जर्मनी एक होणार होत्या आणि स्टेशन बंद होणार होतं. निरोपाचं बोलणं चालू असताना आवाज बुडायला लागला. तिथे आबांनी लिहिलंय, 'पुढचं वाक्य लागलं नाही.' ते वाक्य काय असेल याचा अंदाज कुणालाही बांधता आला असता. त्यांनी बांधला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. शेवटच्या काही वर्षांत आबांच्या वहीत एक नवा रकाना आला. सिन्पोच्या पुढे, पेन्सिलीने: 'माझे कान'. त्यालाही एक ते पाच गुण. सुरुवात कशी झाली तेही वहीत आहे. बीबीसीवर तास भरताना सहा ठोके वाजतात, पाच छोटे आणि सहावा लांब. आबांना ते ठोके स्वच्छ ऐकू येत होते, पण पाठोपाठच्या बातम्यांमधले शब्द लागत नव्हते. त्यांनी लिहिलं: 'ठोके ५. शब्द ३. सेट ठीक, आकाश ठीक. कान.'

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लोकांचे कान तपासते. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. 'स', 'श', 'फ' अशी व्यंजनं पुसट होतात आणि शब्द एकमेकांसारखे वाटू लागतात. ते सहा ठोके १००० हर्ट्झचे आहेत, तिथलं ऐकणं बहुतेकांचं बराच काळ टिकतं. म्हणजे आबांनी घरी बसून, कुठल्याही यंत्राशिवाय, स्वतःचं निदान बरोबर केलं होतं. बोलण्याच्या चाचणीत मी शब्द ऐकवते आणि समोरच्याने तो परत म्हणायचा असतो. कितीतरी लोक अंदाजाने म्हणतात, किंवा नुसती मान हलवतात, कारण ऐकू आलं नाही असं म्हणायची लाज वाटते. त्यांना मी आबांची वही डोळ्यांसमोर ठेवूनच सांगते, 'लागला नाही म्हणा, त्याचेही मला मार्क द्यायचे आहेत.' हा व्यवसाय मी निवडला त्याचं कारण दुसरं काही नाही.

आता प्रश्न. मामाचं म्हणणं, कार्डं सगळ्या नातवंडांत वाटून टाकू. प्रत्येकाकडे आबांचं काहीतरी राहील. त्याचा हेतू चांगला आहे आणि मामेभावंडंही तितकीच त्यांची नातवंडं आहेत. पण कार्ड आणि वहीतली ओळ यांची ताटातूट झाली की कार्ड म्हणजे नुसतं चित्र उरेल, असं मला वाटतं.

आणि ते पत्र. शेवटच्या वहीत रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलसाठी लिहिलेलं एक पत्र घडी घालून ठेवलेलं सापडलं. सही आहे, तारीख आहे, पाकिटावर पत्ताही आहे. आबा जाण्याच्या सुमारे चार महिने आधीचं. त्यात सुरुवातीच्या दहा मिनिटांचा तपशील आहे, पुढे 'यानंतर शब्द लागले नाहीत' असं लिहिलंय. वहीत त्या ओळीला 'माझे कान: २'. एक मामेभाऊ म्हणाला, स्टेशनच्या साइटवर कार्यक्रम ऐकायला मिळत असतील, राहिलेला तपशील भरून पाठवून देऊ, आबांच्या नावाने शेवटचं कार्ड येईल. त्याच्या मनात प्रेमच आहे. पण भरून पाठवायचं नाही एवढं मला नक्की माहीत आहे. शेवटच्या काळात मी शेजारी बसून मला लागलेले शब्द त्यांना सांगायला जायचे तेव्हा ते थांबवायचे. म्हणायचे, 'मी ऐकलं नाही ते माझ्या नावावर कसं जाईल?'

मग जसं आहे तसं पाठवावं का? की ठेवून द्यावं? ज्यांच्या घरी असं काही राहिलंय त्यांनी सांगा.

---

जुना श्रोता

ऋतुजा, तुमच्या आबांना माझा नमस्कार. मीही याच छंदातला, त्यामुळे वाचताना बऱ्याच जागी थांबलो. 'यानंतर शब्द लागले नाहीत' हे वाक्य रिपोर्टात लिहायला धाडस लागतं. बहुतेक जण अशा वेळी 'संगीत आणि चर्चा' असं मोघम लिहून पान भरतात.

माझं मत: पाठवा. रिपोर्ट ज्याने ऐकलं त्याचा असतो आणि आबांनी ऐकलेलं आहे. दहा मिनिटांचा तपशील कमी वाटेल, पण तो नेमका असेल तर तपासणाऱ्याला पुरतो. जसं आहे तसं पाठवायचं, सोबत तुमच्या नावाने चार ओळी: हे पत्र माझ्या आजोबांचं, ते आता नाहीत, पत्र त्यांच्या वहीत मिळालं, मी त्यात काहीही बदललेलं नाही. स्टेशनवरही माणसंच बसलेली असतात. कार्ड देतील किंवा नाही देणार, तो त्यांचा प्रश्न.

वाटणीबद्दल एक लक्षात घ्या. यातली कितीतरी कार्डं आता नव्याने मिळणारच नाहीत. नेदरलँड्स आणि कॅनडाच्या स्टेशनांची शॉर्टवेव्ह २०१२ मध्ये बंद झाली, रेडिओ ऑस्ट्रेलियाची २०१७ च्या सुरुवातीला. बर्लिनचं तर तुम्हीच लिहिलंय, तिथे स्टेशनाबरोबर देशही गेला. पुढे कधी घरात सांभाळणं जमेनासं झालं तर व्हिएन्नामध्ये डोकुफुंक नावाचं रेडिओचं दस्तऐवज संग्रहालय आहे. दिवंगत श्रोत्यांची आणि हौशी रेडिओवाल्यांची क्यूएसएल कार्डं तिथे जपली जातात. पण ती घाई आज नाही. घरात वाचणारं कुणी आहे तोवर वह्या घरातच बऱ्या.

एक विचारू? आबांचा सेट कुठला होता, आणि चालतोय का?

---

कागदवेडी

मी कागद दुरुस्तीचं काम करते, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते.

वाटणीचा निकाल काहीही लागो, आधी सगळं स्कॅन करा. कार्डाच्या दोन्ही बाजू, कारण मागच्या बाजूला तारीख, वारंवारता आणि पोस्टाचा शिक्का असतो. ६०० डीपीआय (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग), रंगीत, मूळ फाइल टिफ या प्रकारात. वहीची पानं उलटताना मधे जे जे सापडेल (पावती, कात्रण, कोरा कागद सुद्धा) ते कुठल्या पानावर होतं ते लिहून ठेवा. एकदा वही झटकली की ती माहिती कायमची गेली.

कार्डं लॅमिनेट करू नका. हे कुणी कितीही आग्रहाने सांगितलं तरी नाही. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक परत काढता येत नाही. जुन्या अल्बमची जी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं असतात ती पीव्हीसीची असतात, कालांतराने शाई त्यांना चिकटते. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा साधे आम्लविरहित कागदाचे लिफाफे वापरा. चिकटपट्टी नाही, रबरबँड नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, आधी कागद सैल करून घ्या.

'माझे कान' हा रकाना पेन्सिलीचा आहे ना? मग ती पानं एकमेकांवर घासू देऊ नका, मधे पातळ कागद घाला. पेन्सिल उडत नाही, पण पुसली जाते. सगळ्यांत आधी त्याच वह्या स्कॅनला घ्या.

पत्राबद्दल मी काही म्हणणार नाही. फक्त पाठवलंत तर मूळ प्रत पाठवू नका.

---

मोहना

आमच्याकडे घडलेलं सांगते, त्यावरून काय ते तुम्हीच ठरवा.

आमचे आजोबा पत्राने बुद्धिबळ खेळायचे. एका कार्डावर एक चाल, प्रतिस्पर्धी दुसऱ्या टोकाला, एकेक डाव वर्षभर चालायचा. आलेली कार्डं ते तारखेने लावून ठेवायचे आणि स्वतःच्या चाली एका वहीत. ते गेल्यावर घरातल्या मोठ्यांनी अगदी प्रेमाने सगळ्या नातवंडांना मूठ मूठ कार्डं दिली. वही कुणाकडे गेली ते आज कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे एका डावाची मधली नऊ-दहा कार्डं आहेत. त्यात एके ठिकाणी प्रतिस्पर्ध्याने लिहिलंय की ही चाल मला अपेक्षित नव्हती, फार सुंदर आहे. आजोबांची ती चाल कोणती, हे मला कधीच कळणार नाही. पट मांडून मी पुष्कळदा प्रयत्न केला, पण आधीची स्थिती ठाऊक नसेल तर ते शक्यच नाही.

तेव्हा वाटू नका. सगळं एका घरात राहू द्या, कुणाच्याही.

पत्राबाबत मात्र मला जुना श्रोता यांचं म्हणणं पटत नाही. पत्र लिहिल्यानंतर तुमचे आबा चार महिने होते. पाकिटावर पत्ता घालून झाला होता. एवढा शिस्तीचा माणूस पत्र विसरला असेल? दहा मिनिटांचं ऐकणं पुरेसं नाही असं त्यांनी ठरवलेलं असू शकतं. न पाठवणं हीसुद्धा त्यांचीच नोंद असेल. आपण ते पाठवलं तर आपल्या समाधानासाठी त्यांचा निर्णय फिरवल्यासारखं होईल.

---

संदीप_आर

थोडं मामांच्या बाजूने. मी अशा घरातला आहे जिथे आजोबांचं सगळं 'एकत्र' राहिलं, काकांच्या कपाटात. चांगलं जपलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या हातात त्यांची एकही वस्तू नाही. मला त्यांचं अक्षर बघायचं असलं तर आधी फोन करून विचारावं लागतं. तुम्ही आबांच्या शेजारी बसलात, तुमचे आकडे वहीत आहेत. ज्यांना ते मिळालं नाही त्या भावंडांना एक कार्ड हवंसं वाटत असेल तर ते नुसतं चित्र म्हणून नसावं.

---

ऋतुजा

सगळ्यांचे मनापासून आभार. संदीप, तुमचं वाचून मी मामेभावंडांना स्वतः फोन केले. आतापर्यंत मामाशीच बोलत होते. धाकटीला कूकाबुराचं कार्ड हवं आहे, कारण आबा तिला झोपवताना त्या पक्ष्यासारखं हसून दाखवायचे. हे मला माहीतच नव्हतं.

काल मामा आला होता. कागदवेडी यांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीच्या रकान्याच्या वह्या आधी घेतल्या होत्या, पण त्याने स्वतः चाळायला एक जुनी वही ओढली. वह्या त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या, वाचल्या कधी नव्हत्या. तो पहिल्या नोकरीसाठी घर सोडून गेला त्या तारखेपाशी थांबला. आबा सहसा रात्री अकराला सेट बंद करायचे. त्या रात्रीच्या नोंदी पहाटेपर्यंत आहेत. एरवी ज्या स्टेशनांकडे ते वळायचेसुद्धा नाहीत, त्यांचेही पाचही आकडे लिहिलेत. तपशिलाच्या रकान्यात मामाबद्दल एक शब्द नाही. मामा मला म्हणाला, 'स्टेशनवर सोडायला आले तेव्हा मला म्हणाले होते, घरी जाऊन मस्त झोपणार आहे.' मग यूटीसीवरून स्थानिक वेळ कशी काढायची ते त्याने माझ्याकडून समजून घेतलं आणि आणखी दोन वह्या घरी वाचायला घेऊन गेला. तर वाटणीचा प्रश्न तसा मिटला आहे. वह्या आणि कार्डं एकत्र राहतील, सध्या मामाकडेच, कारण वाचायची ओढ आता त्याला माझ्याहून जास्त लागली आहे. प्रत्येक भावंडाने एक कार्ड निवडायचं. ते त्याच्याकडे राहील, त्या जागी वहीच्या संचात त्याची रंगीत प्रत, आणि कार्डासोबत त्या दिवसाच्या पानाची प्रत. कुठलं कार्ड कुणाकडे आहे याची यादी शेवटच्या वहीच्या आवरणात.

पत्राचं. मोहना, तुमचं वाचून मी 'पाठवले' हा रकाना सुरुवातीपासून तपासला. आबा तिथे दोनच खुणा करायचे. पाठवलं तर बरोबरची खूण, पाठवायचं नाही असं ठरलं तर फुली. रिकामं फार दिवस ठेवत नसत. पत्रं महिन्याकाठी एकत्र टाकायचे आणि त्याच दिवशी खुणा करायचे. रोमानियाच्या ओळीनंतरही काही नोंदी आहेत, हात थरथरलेला आहे तरी प्रत्येकीपुढे फुली आहे. या एका ओळीपुढे काहीच नाही. म्हणजे ते विसरले नव्हते, कारण त्याखालच्या ओळींना खुणा करताना ही ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण फुलीही मारलेली नाही. तेव्हा न पाठवण्याचा निर्णय झाला होता असंही म्हणता येत नाही. जुना श्रोता, तुम्ही म्हणता तशी चार ओळींची जोड देऊन पाठवणं सरळ आणि खरं झालं असतं, आणि दोन दिवस मी त्याच विचाराची होते. पण मग त्या रकान्यात बरोबरची खूण मला करावी लागेल, आणि ती खूण आबांची नाही. मी पत्र पाठवत नाहीये. ज्या पानात सापडलं त्याच पानात, पाकिटासकट, मधे पातळ कागद घालून ठेवलं आहे. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो आधी नाराज झाला. मग म्हणाला, कार्ड यायला हवं होतं गं. हवं होतंच. मलाही हवं होतं.

एक मात्र करणार आहे. वह्यांच्या मालिकेत नवी वही, माझ्या नावाची, तेच रकाने आखून. 'माझे कान' सुद्धा. चाळिशी जवळ आली आहे, माझे उंच पट्टीतले आवाजही हळूहळू जातील, आणि ते कधी गेले हे मला तपासणीच्या कागदाइतकंच त्या वहीतूनही कळलं पाहिजे. आबांकडचा जुना व्हॉल्व्हचा, हिरव्या डोळ्याचा (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा दिवा असलेला) रेडिओ मामाकडे आहे. माझ्याकडे सोनीचा छोटा डिजिटल सेट आला आहे, त्यावरच त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. जुना श्रोता, तो लावून पाहिला तर सगळ्या बँडवर एकसारखी घरघर येते. सेट बिघडला असेल का?

---

जुना श्रोता

पत्राचं तुमचं कारण वाचलं. पटलं. मी पाठवलं असतं हेही खरं, पण खुणेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

सगळ्या बँडवर एकसारखी घरघर असेल तर बहुधा सेट बिघडलेला नाही, घरातल्या विजेच्या वस्तूंचा तो आवाज आहे. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, राउटर आणि टीव्ही यांच्या वीजपुरवठ्यातून ही घरघर निघते. आबांच्या उमेदीच्या काळात यातलं फारसं काही नव्हतं. आबांचीच रीत वापरा: आधी सेट, मग बाकीचं. सेट ॲडॅप्टरवरून काढून बॅटरीवर लावा, घराचा मुख्य स्विच दोन मिनिटं बंद करा आणि ऐका. घरघर थांबली तर सेट ठीक. मग एकेक वस्तू चालू करत जा, गुन्हेगार सापडेल. बॅटरीचा कप्पा मात्र आधी उघडून बघा. जुने सेल आत राहून पाझरले असतील तर पांढरा थर दिसेल. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन तो थर पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवे सेल घाला. व्हॉल्व्हचा रेडिओ मामांना एकदम चालू करू देऊ नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर वाळलेले असतात, वीज दिली की फुटू शकतात. आत शेकडो व्होल्ट असतात, त्यामुळे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय प्लगही लावायचा नाही.

अँटेनासाठी साधी इन्सुलेटेड तार पुरते. सात-आठ मीटर, खिडकीबाहेर, भिंतीपासून आणि वीजवाहिन्यांपासून लांब. टोक सेटच्या दांडीला क्लिपने लावायचं. ढगांचा गडगडाट असेल तेव्हा काढून ठेवायचं. स्टेशनं आता कमी झाली आहेत, पण रोमानिया आहे, जपान आहे, चीनची तर जागोजागी भेटतील. सूर्य मावळल्यावर ४९ आणि ४१ मीटरपासून सुरुवात करा. पहिली नोंद झाली की इथे लिहा, पाचही आकड्यांसकट. तुमच्या कानांचा सहावा आकडाही चालेल.